अर्धविराम राहिला

रात्री पावणेबाराला फोन:
पतपेढीचं व्याज चढत नाहीये.
रामबागेतल्या ऑफिसचं शटर भेरूलालनं अर्धंच उचललं,
मी वाकून आत.
जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर गार,
हिरवे दिवे मिचकावत,
आपण त्या गावचेच नाही असा.

डिस्क भरलेली नाही. मेमरी पडून आहे.
प्रोसेसर तर चक्क डुलक्या काढतोय.
असं असलं की मला जास्त धास्ती वाटते.
तापलेलं यंत्र निदान कण्हतं,
हे नुसतं वाट पाहत होतं.

कोण कोणासाठी थांबलंय, विचारलं.
एकोणतीस जण, एकामागे एक,
प्रत्येकाचं बोट पुढच्याकडे,
आणि सगळ्यांच्या पुढे एकच सत्र,
दुपारी चार दहापासून
व्यवहार उघडा टाकून निजलेलं.
वापरकर्ता: पिंगळे.

नागेश पिंगळे आजच निवृत्त झाले.
चार दहाला वरच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ, कचोरी;
टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

सत्र तोडायला एक ओळ पुरते.
ती लिहूनही झाली होती.
पण तोडलं की त्यानं केलेलं सगळं माघारी फिरतं,
म्हणून त्याची शेवटची आज्ञा वाचली:
खाते क्रमांक अमुक, आडनाव काले,
यापुढे काळे.

मग महिनाभराचा तो रजिस्टरांचा ढीग आठवला.
हिंदीत माहिती भरणाऱ्या पोरांनी वीस वर्षं
ळ दिसला की ल ठोकला होता.
मुळ्यांचे मुल्ये, पळशीकरांचे पलसीकर
(त्यांच्या कॉलनीच्या पाटीवरही तेच).
एका फटक्यात बदलता येत नाही हे,
गोखल्यांचा ल गोखल्यांचाच आहे.
एकेक सही पाहायची, एकेक घरी फोन करायचा,
"तुमच्याकडे कसं लिहितात हो?"

साडेबाराला त्यांना उठवलं. जागेच होते.
"सर, कमिट राहिलंय."
"छे! लिहून एंटर दाबलं,
मगच शाल घ्यायला उठलो."

मोबाइलच्या उजेडात दुसरा मजला.
संगणकाला कुलूप नाही, खरं तर लेखी ताकीद देण्याजोगी चूक.
पडद्यावर कमिट,
आणि खालच्या ओळीत कर्सर
आठ तास लुकलुकत.
पुढे अर्धविराम नव्हता.

"आमच्या फॉक्सप्रोत," ते फोनवर म्हणाले,
"अर्धविराम दिला म्हणजे वाक्य पुढच्या ओळीत चालू.
संपवायचं तर तो द्यायचाच नसतो."
इथे उलट आहे, सर.
इथे दिला की संपतं.
थोडं थांबून म्हणाले,
"मग तूच दे, सुनेत्रा."

उजव्या करंगळीखालची ती कळ.
एंटर.
खाली एकोणतीस जण हलले,
व्याज चढू लागलं.

अकराशे शेहेचाळीस ळ मोजून घेतले.
ढिगात न बदललेली एक नोंद सापडली:
पिंगले, नागेश.

"सर, तुमचंच राहिलं."
"राहू दे. आधारवर ल, पॅनवर ल, पीएफच्या कागदावर ल.
पैसे निघेपर्यंत जुळायला हवं ना.
लॉगिन मात्र मीच बनवलं होतं,
तिथे कोण विचारतं?"

निवृत्ताचं लॉगिन दुसऱ्या दिवशी दहाच्या आत
बंद करायचं, असा नियम आहे.
नियमही मीच लिहिलेला.

घटनांच्या वहीत नोंद केली:
खोळंबा आठ तास छत्तीस मिनिटं.
कारण, अर्धविराम राहिला.
उपाय, दिला.
उद्याच्या यादीत ते लॉगिनही मांडलं,
सगळ्यात खाली, पेन्सिलीनं.

"हो गया, मैडम?" भेरूलालनं शटर धरलं.
हो गया.
घरी जाऊन झोपण्यात अर्थ नव्हता,
पाचला नर्मदेच्या नळाची आमची पाळी.